न भरणारी जखम: लेप, पट्टी आणि पथ्य

सोमवारी आणि गुरुवारी आमच्या शासकीय रुग्णालयात ड्रेसिंगच्या खोलीबाहेर जी रांग लागते, तिच्यातले चेहरे फारसे बदलत नाहीत. कुणी दोन वर्षांपासून येतो आहे, कुणी सात. बहुतेकांच्या एका पायावर, घोट्याच्या जरा वर, जखम असते आणि हातात एक पिशवी. पिशवीत जुने केसपेपर, अर्ध्या पिळलेल्या मलमांच्या ट्यूब आणि तळाशी एखादी बाटली किंवा डबी. कुणाकडे जात्यादि तेल, कुणाकडे घरचे हळद-तूप, कुणाकडे गावच्या वैदूने दिलेला नाव नसलेला हिरवा लेप. डबी रुग्ण आधी लपवतात. डॉक्टर रागावतील ही भीती. मी ती मागून घेते, उघडून वास घेते, मग ते जरा मोकळे होतात आणि खरी हकिगत सांगू लागतात.

अशीच एक बाई दोन वर्षांपूर्वी आली. वय अठ्ठेचाळीस. एका कारखान्याच्या कॅन्टीनमध्ये पोळ्या करण्याचे काम, रोज आठ-नऊ तास ओट्यापुढे उभे राहून. डाव्या पायाच्या आतल्या घोट्यावर तळहाताएवढी जखम, भोवतालची कातडी काळपट-तपकिरी आणि टणक, पोटरीवर दोरीसारख्या फुगलेल्या शिरा. जखम सहा वर्षांची. मधल्या काळात एकदा पूर्ण भरली होती, असे तिने सांगितले.

"कशाने भरली होती, ताई?"

"लेपाने. माहेरच्या वैदूबाबांचा पाला होता."

"नुसता पाला लावला?"

"हो. पाला लावायचा, वर एरंडाचं पान ठेवायचं आणि जुन्या धोतराची पट्टी बोटांपासून गुडघ्यापर्यंत गच्च बांधायची. सव्वा महिना आईने खाटेवरून उतरू दिलं नाही. पायाखाली गोधड्यांची चळत."

कामावर परतल्यावर चार महिन्यांत जखम पुन्हा उघडली. तेव्हापासून ती माहेराहून तोच पाला मागवत होती, वाटत होती, लावत होती. पट्टी सुटली होती, कारण गच्च पट्टी बांधून कॅन्टीनमध्ये लाज वाटायची. खाट तर सुटणारच होती. पाच वर्षे लेप चालू होता आणि जखम वाढत होती.

हा प्रकार मला तिच्या एकटीच्या पायापुरता वाटत नाही. जुन्या उपचारांपैकी आपल्याकडे शिल्लक राहिले ते लेप आणि तेल. त्याबरोबरचे बांधणे, धुणे, पाय वर ठेवणे, खाणे, जपणे हे सगळे वाटेत गळून गेले. आणि या विशिष्ट आजारात नेमके तेच महत्त्वाचे आहे. का, ते समजायला आधी पायातल्या रक्ताचा प्रवास बघायला हवा.

हृदयाकडून पायाकडे रक्त येते ते धमन्यांतून, दाबाने. परत जाताना त्याला गुरुत्वाकर्षणाविरुद्ध वर चढायचे असते. त्यासाठी दोन सोयी आहेत. शिरांमध्ये ठरावीक अंतरावर पातळ झडपा असतात, त्या रक्ताला फक्त वरच्या दिशेने जाऊ देतात. आणि पोटरीचे स्नायू प्रत्येक पावलागणिक आवळून शिरा पिळतात, विहिरीवरच्या हातपंपासारखे. माणूस स्थिर उभा असला की घोट्याजवळच्या शिरांतला दाब पाऱ्याच्या ८० ते ९० मिलिमीटरपर्यंत असतो. चालायला लागला की निरोगी पायात तो ३०च्या आसपास उतरतो. झडपा निकामी झाल्या, तर चालूनही दाब उतरत नाही. तासन्‌तास उभे राहण्याची कामे, अनेक बाळंतपणे, लठ्ठपणा, पूर्वी कधी खोल शिरेत झालेली रक्ताची गुठळी यांमुळे हे होते. मग सूक्ष्म वाहिन्यांतून पाणी आणि तांबड्या पेशी बाहेर झिरपतात, पेशींतले लोह कातडीत साचून ती तपकिरी होते, कडक होते, आणि एक दिवस दरवाजाची कड लागते किंवा डास चावून खाजवले जाते. साधा ओरखडा. पण तो भरत नाही. गुडघ्याखालच्या जुनाट जखमांमध्ये शिरांचा हा दोष सर्वांत जास्त वेळा सापडतो.

म्हणजे जखम दिसते घोट्यावर आणि बिघाड असतो वरच्या शिरांत. घोट्यावर काहीही लावा, वरून येणारा दाब कमी झाल्याशिवाय नवी कातडी तग धरत नाही. दाब कमी करण्याचा सर्वांत जुना आणि आजही सर्वांत भरवशाचा मार्ग म्हणजे बाहेरून दाब देणे, अर्थात पट्टी. आज वापरल्या जाणाऱ्या थरांच्या पट्ट्या घोट्याशी सुमारे ४० मिलिमीटर दाब देतात आणि वर गुडघ्याकडे तो हळूहळू कमी होत जातो. वैदूबाबांच्या धोतराच्या पट्टीने नेमका किती दिला कोण जाणे, पण दिला. सव्वा महिन्याच्या गोधड्यांनी उरलेले काम केले.

आमच्या रुग्णालयातच, माझ्या खोलीपासून चार दारे सोडून आयुष विभागाची ओपीडी आहे. तिथले वैद्य माझ्याहून दहा वर्षांनी लहान. त्यांच्याशी या विषयावर चहाच्या वेळी बोलणे होते. त्यांच्यामुळेच मी सुश्रुतसंहितेतले व्रणावरचे अध्याय नीट वाचले. कॉलेजात असताना सुश्रुत म्हणजे नाकाची शस्त्रक्रिया, एवढेच आम्हाला ठाऊक होते. व्रणावर त्याने केवढे लिहिले आहे, हे मला पन्नाशी जवळ आल्यावर कळले.

चिकित्सास्थानाच्या पहिल्याच अध्यायात व्रणाचे साठ उपक्रम दिले आहेत. त्यांतला पहिला कुठला लेप असेल असे मला वाटले होते. पहिला आहे अपतर्पण, म्हणजे आहार आवरणे. नंतर लेप, शेक, स्वेदन, पू काढणे, छेदणे, खरवडणे, धुणे, धुरी देणे, बांधणे, पानांनी झाकणे, वर आलेले मांस दाबणे, खोल गेलेले वर आणणे, असे करत करत यादी जखम भरल्यानंतरही थांबत नाही. वणाचा रंग भोवतालच्या कातडीसारखा कसा करावा, तिथे केस कसे उगवावेत, रुग्णाला पोसावे कसे आणि शेवटी त्याचे रक्षण कसे करावे, इथवर ती जाते. साठांतले लेप आणि तेले किती आणि बाकीचे किती, हे मोजून बघावे.

शुद्ध झालेल्या, भरण्याच्या वाटेवरच्या जखमेचे वर्णन त्याने केले आहे: जिभेसारखी मऊ, गुळगुळीत, वेदना नसलेली, स्राव थांबलेली. मी निवासी डॉक्टरांना ड्रेसिंग दाखवताना हेच वर्णन वापरते. इंग्रजी पुस्तकातल्या 'ग्रॅन्युलेशन टिश्यू'च्या परिच्छेदापेक्षा ते त्यांच्या लवकर लक्षात राहते.

पट्टीबद्दल तर तो फारच नेमका आहे. सूत्रस्थानात चौदा प्रकारचे बंध आहेत आणि हातापायांसाठी गुंडाळत जाणारा 'अनुवेल्लित' बंध सांगितला आहे. घट्ट, मध्यम आणि सैल असे तीन दर्जे आहेत, कुठल्या अवयवाला कुठला ते दिले आहे. हातापायांना मध्यम. पट्टी कधी सोडायची तेही दोष आणि ऋतू पाहून ठरते. उष्ण दिवसांत काही जखमांना दिवसातून दोनदा, थंडीत काहींना तिसऱ्या दिवशी. न बांधलेल्या जखमेला माश्या, डास, धूळ, गवत, वारा, ऊन यांचा त्रास होतो, हेही त्याने लिहून ठेवले आहे. आमच्या ओपीडीत आजही निम्मे नातेवाईक म्हणतात, "मॅडम, उघडीच ठेवा, हवा लागली की सुकेल." जखम सुकून वर खपली धरली म्हणजे बरी होते, हा समज घट्ट आहे. १९६२ साली जॉर्ज विंटर या संशोधकाने डुकरांच्या कातडीवर प्रयोग करून दाखवले, की झाकून ओलसर ठेवलेल्या जखमेवर नवी कातडी उघड्या जखमेपेक्षा लवकर पसरते. आजची महागडी ड्रेसिंग्ज त्याच निरीक्षणावर उभी आहेत.

झाकायला महागच काही हवे असे नाही. मुंबईत डॉ. मनोहर केसवानी यांनी भाजलेल्या रुग्णांसाठी उकडलेल्या बटाट्याच्या सालींचे ड्रेसिंग वापरले आणि त्याचा पद्धतशीर अभ्यास प्रसिद्ध केला. सायनच्या लोकमान्य टिळक रुग्णालयातल्या डॉ. माधुरी गोरे यांनी केळीच्या पानाचे ड्रेसिंग तयार केले. २००३ साली त्यावरचे त्यांचे लेख 'बर्न्स' या आंतरराष्ट्रीय नियतकालिकात आले. पान निर्जंतुक करून घेतलेले, मेणचट, जखमेला न चिकटणारे. काढताना रुग्ण ओरडत नाही, आणि ड्रेसिंगच्या खोलीत काम केलेल्या कुणालाही यातला आराम समजेल. सुश्रुताच्या साठांत पानांनी झाकण्याचा उपक्रम आहेच, आणि त्यासाठी सांगितलेल्या पानांत एरंड आहे. वैदूबाबांनी वापरले तेच पान. फरक इतकाच, की मुंबईतल्या पाना-सालींची तुलना झाली, नोंद झाली, जंतू मोजले गेले.

आता लेपांकडे येऊ. मधाचे उदाहरण मला सर्वांत बोलके वाटते. १९९१ साली सोलापूरच्या वैद्यकीय महाविद्यालयातले शल्यचिकित्सक डॉ. एम. सुब्रह्मण्यम यांनी 'ब्रिटिश जर्नल ऑफ सर्जरी'त भाजलेल्या १०४ रुग्णांचा अभ्यास प्रसिद्ध केला. निम्म्यांना मध, निम्म्यांना त्या काळचे सर्वमान्य सिल्व्हर सल्फाडायझिन. मध लावलेल्यांच्या जखमा लवकर स्वच्छ झाल्या आणि लवकर भरल्या. मध जंतूंमधले पाणी ओढून घेतो, आम्ल असतो आणि त्यात हायड्रोजन पेरॉक्साइड तयार होते, त्यामुळे हे पटण्यासारखे होते. सोलापुरातून निघालेले काम जगभर वाचले गेले, याचा आजही अभिमान वाटतो.

मग पायाच्या जुनाट जखमांनाही मध चालेल का? न्यूझीलंडमध्ये ३६८ रुग्णांवर हे तपासले गेले, निकाल २००८ साली आले. सगळ्यांना दाबाची पट्टी होती. निम्म्यांना पट्टीखाली मधाचे ड्रेसिंग, निम्म्यांना नेहमीचे. बारा आठवड्यांनी मधाच्या गटात १०० पैकी साधारण ५६ जणांच्या जखमा भरल्या होत्या, दुसऱ्या गटात ५०. संख्याशास्त्राच्या हिशेबात हा फरक योगायोगानेही पडू शकतो. मधाच्या गटात दुखणे मात्र जास्त होते. आता यातून मध निरुपयोगी ठरतो असे मी म्हणणार नाही. भाजण्यात आणि या जखमांत कारणच निराळे आहे. भाजलेल्या जागी शत्रू बाहेरून येतो, इथे तो वरच्या शिरांत बसलेला आहे. पट्टी दोन्ही गटांना होती, आणि दोन्ही गटांत निम्मे लोक तीन महिन्यांत बरे झाले, हे माझ्या डोळ्यांत भरले. (स्वयंपाकघरातला मध मात्र लावू नका. त्यात धनुर्वाताच्या जातकुळीतल्या जंतूंचे बीजाणू असू शकतात. वैद्यकीय मध किरणोत्सर्गाने निर्जंतुक केलेला असतो.)

जात्यादि तेलात चमेलीची पाने, कडुनिंब, हळद, मंजिष्ठा, मेण आणि मोरचूद असते. मोरचूद म्हणजे तांब्याचा क्षार, जंतूंना मारक. पट्टीखाली पातळ थर लावला तर माझी हरकत नसते. आयुषचे वैद्य धुण्यासाठी वड, उंबर, पिंपळ अशा पाच झाडांच्या सालींचा काढा वापरतात. तुरट असतो, स्राव आटतो, वास जातो. तो उकळून, गाळून, त्याच दिवशी वापरायचा. आदल्या दिवशीचा काढा म्हणजे जंतूंची खानावळ. जळवांबद्दल लोक कुतूहलाने विचारतात. जळवेच्या लाळेत रक्त गोठू न देणारे हिरुडिन असते, आणि जोडलेल्या बोटात किंवा कातडीच्या पडद्यात रक्त तुंबले तर प्लास्टिक सर्जन आजही जळवा लावतात. अमेरिकेच्या औषध प्रशासनाने २००४ साली त्यांना मान्यता दिली. पण शिरांच्या बिघाडात जळू तेवढ्यापुरते रक्त काढते, झडप दुरुस्त करत नाही, आणि तिच्या आतड्यातल्या जंतूंचा संसर्ग होऊ शकतो. सुश्रुताने बारा प्रकारच्या जळवा सांगून त्यांतल्या सहा विषारी म्हणून वर्ज्य केल्या होत्या. डबक्यातून पकडून आणलेली कुठलीही जळू पायाला लावणाऱ्यांनी हे वाचलेले नसते.

आहाराचा मुद्दा मला जास्त अस्वस्थ करतो. जखम झाली की घरात पहिली बंदी डाळीवर येते. "डाळ खाल्ली की पू होतो." वांगे बंद, अंडे बंद, मटण बंद. जुनाट जखमेतून रोज स्रावाबरोबर प्रथिने वाहून जातात, आणि बाईचे हिमोग्लोबिन आधीच आठ-नऊ. वर्षभर चहा-भाकरीवर काढलेली बाई नवी कातडी कशातून विणणार? सुश्रुताने जखमी माणसासाठी सांगितलेले ताट पाहा: जुन्या तांदळाचा गरम, पातळसर भात, तूप, जंगली प्राण्यांच्या मांसाचा रस किंवा मुगाचे कढण, तांदुळजा, चाकवत, कोवळा मुळा, पडवळ, कारले, आणि हो, वांगे, तुपात परतलेले, डाळिंब-आवळ्याची आंबटसर चव दिलेले. उडीद, कुळीथ, तीळ, गूळ, दही त्याने वर्ज्य केले आहे. ते सगळे आजच्या आहारशास्त्राला पटेल असे नाही आणि दह्यासाठी मी रुग्णाला अडवत नाही. पण उपासमार त्याने सांगितलेली नाही. मुगाला आणि वांग्याला त्याच्या नावाने बंदी घालणाऱ्यांनी त्याच्यावर अन्याय केला आहे.

त्याच अध्यायात रुग्णाने अंगात बळ असले तरी फार वेळ उभे राहू नये, बसू नये, चालू नये असे सांगितले आहे. दिवसा झोपू नये, कारण सूज आणि जडपणा वाढतो. आणि मित्रांनी जवळ बसून गोष्टी सांगाव्यात, त्याने वेदना हलकी होते. हे शेवटचे वाचून मी पुस्तक मिटून जरा वेळ बसले होते. आमच्या रांगेतले बरेच जण गोष्टी सांगणाऱ्यांपासूनच तुटलेले असतात. वासामुळे लग्नाला जात नाहीत, देवळात जात नाहीत, घरात वेगळ्या खोलीत झोपतात. एक आजोबा नातवाला मांडीवर घेत नसत, कारण सून काही बोलली नाही तरी खिडकी उघडायची.

इथवर वाचून कुणी आईच्या किंवा वडिलांच्या पायाला घरीच गच्च पट्टी बांधायला निघाले असेल, तर थांबा. पुढचे मी स्वतःच्या चुकीतून शिकले आहे.

नव्वदच्या दशकात मी निवासी डॉक्टर होते. दाबाच्या पट्टीने जखमा भरतात हे नुकतेच हाताने अनुभवले होते आणि त्या उत्साहात होते. एक पासष्टीचे गृहस्थ आले, गिरणीतून निवृत्त झालेले, आयुष्यभर बिडी ओढलेली. घोट्याच्या बाहेरच्या बाजूला खोल, लहान, फिकट तळाची जखम. रात्री पाय इतका दुखायचा की ते पलंगाखाली लोंबकळत सोडून बसायचे. हे सगळे त्यांनी मला सांगितले होते. मी ऐकले, पण त्याचा अर्थ लावला नाही. पाय थोडा सुजलेला दिसला, तो रात्रभर लोंबकळत ठेवल्यामुळे सुजला होता. मी पट्टी बांधली, छान घट्ट, आणि तीन दिवसांनी बोलावले. ते दुसऱ्याच दिवशी आले. दोन बोटे काळी पडली होती. पुढे तळपायाचा पुढचा भाग काढावा लागला. त्यांच्या धमन्या बिडीने अरुंद झालेल्या होत्या, पायात रक्त आधीच जेमतेम उतरत होते, आणि मी बाहेरून दाबून तेही अडवले. पावलावरच्या नाडीवर दोन बोटे ठेवायला अर्धे मिनिट लागते. ते मी ठेवले नव्हते. ते गृहस्थ मला शेवटपर्यंत "डॉक्टरीणबाई" म्हणून नमस्कार करत राहिले, त्याचे ओझे अजून आहे.

तेव्हापासून पट्टी बांधण्याआधी मी नाडी बघते, आणि शंका आली तर डॉपलरने घोट्याचा आणि दंडाचा रक्तदाब मोजून त्यांचे गुणोत्तर काढते. ०.८च्या खाली आले तर पूर्ण दाबाची पट्टी नाही. ०.५च्या खाली तर पट्टीचा विचारच नाही, आधी रक्तपुरवठ्याचा उपाय. खूप नंतर सुश्रुतात वाचले, की कुष्ठाच्या, भाजलेल्या आणि मधुमेहींच्या पिटिकांच्या जखमा बांधू नयेत. त्याची कारणमीमांसा आपल्याहून वेगळी आहे. पण पट्टी सगळ्यांना नाही, हे त्याला नक्की माहीत होते. १९९०च्या दशकातल्या एका निवासी डॉक्टरला ते माहीत नव्हते.

मधुमेहाची जखम तर या कुटुंबातलीच नाही. ती बहुतेकदा तळव्यावर किंवा बोटावर होते, कारण पायाची संवेदना गेलेली असते आणि चप्पल चावलेली कळत नाही. कुष्ठरोगातही तेच. डॉ. पॉल ब्रँड यांनी वेल्लोरला कुष्ठरुग्णांवर काम करताना दाखवून दिले, की बोटे जंतूमुळे आपोआप झडत नाहीत. दुखत नाही म्हणून माणूस जखमेवरच चालत राहतो आणि पाय झिजवतो. तिथे उपाय दाब देण्याचा नसून दाब काढण्याचा: प्लास्टरचा बूट, मऊ रबराची चप्पल, आणि रोज रात्री तळवा आरशात पाहण्याची सवय. या रुग्णाला गरम शेक किंवा गरम काढ्यात पाय बुडवायला सांगणे धोक्याचे. तो भाजेल आणि त्याला कळणार नाही.

आम्ही ॲलोपॅथीवाले यात निर्दोष आहोत असे कृपया समजू नका. आमचाही एक लेप आहे, त्याला प्रतिजैविक म्हणतात. जखमेचा स्वॅब पाठवला की जंतू उगवतातच, जुन्या जखमेवर ते असणारच. रिपोर्ट पाहून गोळ्या, गोळ्या संपल्या की दुसऱ्या गोळ्या, वर पावडर. भोवती लाली पसरत असेल, ताप असेल, दुखणे अचानक वाढले असेल तर प्रतिजैविक हवेच. नसेल तर त्याने जखम भरत नाही. काही मलमांची या कातडीला ॲलर्जी येते आणि जखमेभोवती नवा इसब उठतो. एका केसपेपरवर मी चार वर्षांत अकरा प्रतिजैविके मोजली. पायातल्या शिरांची सोनोग्राफी एकदाही झालेली नव्हती.

ती करायला हवी, कारण आता बिघडलेली शीर लेसरने किंवा उष्णतेने आतून बंद करता येते. ब्रिटनमध्ये ४५० रुग्णांवर झालेल्या आणि २०१८ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात सगळ्यांना पट्टी होती. ज्यांची शीर लवकर बंद केली त्यांच्या जखमा भरायला मध्यक ५६ दिवस लागले, ज्यांना थांबवले त्यांना ८२. आणखी एक गोष्ट रांगेतल्या जुन्या मंडळींसाठी: वर्षानुवर्षांच्या जखमेची कड जाड होऊन बाहेर वळू लागली, फुलकोबीसारखी वाढ दिसली, सहज रक्त येऊ लागले, तर तुकडा काढून तपासावा लागतो. जुनाट जखमेत कर्करोग होऊ शकतो. तो कमी जणांना होतो, पण लेपाखाली झाकला गेला तर उशिरा कळतो.

त्या पोळ्यावाल्या ताईंची नाडी उत्तम होती, साखर नव्हती. आम्ही जखम स्वच्छ केली, साधे ड्रेसिंग ठेवले, वर पट्टी. लेपाबद्दल त्यांचा जीव तुटत होता, म्हणून वैद्यांशी बोलून पाल्याऐवजी त्यांचे तेल पातळसर लावायचे ठरले. दुपारी अर्धा तास आणि रात्री पाय छातीच्या वर राहील असे ठेवायचे. उभ्या असताना दर थोड्या वेळाने टाचा उचलायच्या, पोटरीचा पंप हलला पाहिजे. डाळ, शेंगदाणे, परवडेल तेव्हा अंडे, लोहाच्या गोळ्या. खरी अडचण नोकरीची होती. बसून पोळ्या लाटता येतील असे उंच स्टूल मागितल्यावर ठेकेदार म्हणाला, "उद्या सगळ्याच मागतील." मी रुग्णालयाच्या कागदावर चार ओळी लिहून, शिक्का मारून दिल्या. स्टूल मिळाले. दुसऱ्या दोघींनीही मागितले म्हणे, आणि त्यांनाही मिळाले.

जखम भरायला चौदा आठवडे लागले. तीन महिन्यांनी शिरेवरची प्रक्रिया झाली. तेव्हापासून त्या दिवसभर दाबाचे मोजे घालतात. उन्हाळ्यात, तव्यापुढे, मोजे घालणे हा त्रासच आहे आणि मी त्यांना तो गोड करून सांगत नाही.

परवा आल्या तेव्हा मोज्याची टाच विरली होती आणि वरचा काठ सैल झाला होता. किती दिवस झाले विचारले, तर बोटांवर मोजून "आठ महिने" म्हणाल्या. सहा महिन्यांत बदलायचे असतात. पाय तपासला, नाडी बघितली, वणाजवळची कातडी चिमटीत धरून पाहिली, मऊ होती. नव्या मोज्यांसाठी पोटरीचे माप घेतले आणि चिठ्ठी लिहून दिली.